मीठ बरोबर होतं

आई, तुला हसू येईल, पण गेला महिनाभर मी मिठाच्या मागे लागले होते. तुझ्या आमटीतल्या नाही, पोहण्याच्या तलावातल्या. परळच्या आपल्या गिरणीचं आवार आठवतंय ना? तू गेलीस तेव्हा त्याला चहूबाजूंनी पत्रे ठोकलेले होते आणि आत गवत माजलं होतं. तिथे आता क्लब झालाय. बाबांचं ब्लीच खातं, जिथे कोरं कापड पांढरंशुभ्र करायचे, ते होतं तिथेच जवळपास आता निळ्या लाद्यांचा लांबरुंद तलाव आहे, आणि त्या तलावाचं पाणी चांगलं ठेवायची जबाबदारी तुझ्या मुलीवर आहे. तुला सगळे खाणावळवाल्या वहिनी म्हणायचे, मला इथे पूलवाल्या मॅडम म्हणतात. तू मेंबरांच्या पोटाला जपायचीस, मी मेंबरांच्या डोळ्यांना आणि कातडीला जपते. धंदा फारसा वेगळा नाही, फक्त इथे कुणी "वहिनी, अजून थोडा रस्सा" म्हणून वाटी पुढे करत नाही.

तलावाचं पाणी नुसतं साठवून ठेवलं तर हिरवं होतं, त्यात जंतू वाढतात. म्हणून क्लोरीन लागतो. आमच्याकडे तो बाहेरून आणून ओतत नाहीत. पाण्यात मीठ घालतात, समुद्राच्या मानाने अगदीच थोडं, जिभेला जेमतेम कळेल इतकं. मग ते पाणी पंपाच्या खोलीतल्या एका पारदर्शक नळकांड्यातून फिरतं. त्याला आम्ही सेल म्हणतो. आत धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यातून वीज खेळते आणि मिठातला क्लोरीन सुटा होऊन पाण्यात मिसळतो. मसाला घरी कुटायचा, तसा क्लोरीन घरच्या घरी. तुला हे फार आवडलं असतं, तयार मसाल्याचं पाकीट पाहिलं तरी तुझ्या कपाळावर आठी यायची. आणि तो वास! बाबा पाळीवरून आले की त्यांच्या शर्टाला यायचा, तोच. तू तो शर्ट वेगळा भिजवायचीस, कारण एकदा त्याने तुझ्या हिरव्या लुगड्यावर पांढरे ठिपके पाडले होते आणि बाबांनी तोंड वर करून सांगितलं होतं की गिरणीत सध्या हीच डिझाइन चालू आहे. संप सुरू झाला, महिन्यांमागून महिने गेले, धुऊन धुऊन शर्टाचा वास निघून गेला. एक दिवस दोरीवरून तो काढताना तू नाकाशी धरलास आणि म्हणालीस, "वास गेलो गो घरातलो." मी आता दिवसभर त्या वासात असते, आई. संध्याकाळी घरी जाते तेव्हा माझ्या ओढणीला तो असतो, आणि मला उगाचच घरात बाबा आल्यासारखं वाटतं.

हे काम मी रसायनशास्त्र शिकले म्हणून करते. मी प्रयोगशाळेत पहिल्यांदा जाणार होते तेव्हा तू मला एप्रन शिवून दिला होतास, तो अजून आहे. संपाच्या आधीच्या दिवाळीत गिरणीतून मिळालेलं मांजरपाट तू पेटीत जपून ठेवलं होतंस, बाबांच्या खात्यातून पांढरं होऊन आलेलं. त्याचा तू हाताने एप्रन शिवलास. खिसे मात्र एवढे मोठे लावलेस की त्यात दोन डाव आणि एक उलथनं सहज मावलं असतं. कॉलेजात सगळ्या मुली हसल्या. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "हसूदेत. त्यांचा सामान त्यांच्या हातात, तुझा खिशात." आजही पाणी तपासायची बाटली, थेंबांच्या कुप्या, कात्री, चष्मा, सगळं त्याच खिशांत असतं. कॉलर दोनदा उलटी करून घेतली, खिसे मात्र मूळचेच आहेत.

आता मिठाचं सांगते. पण त्याआधी बायकांचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. दुपारी आमचा तलाव रिकामा असतो. सकाळी क्लबाचे मेंबर पोहतात, संध्याकाळी त्यांची मुलं, आणि दुपारभर ते निळं पाणी उन्हात नुसतं पडून असतं. मी दोन वर्षं कमिटीच्या कानीकपाळी ओरडत होते की ही वेळ आजूबाजूच्या चाळींतल्या बायकांना द्या. ज्यांच्या घरातली माणसं याच आवारात राबली, त्या बायका भिंतीपलीकडे राहतात आणि त्यांनी आत पाऊल टाकलेलं नाही, हे काही मला पटेना. शेवटी माझा पिच्छा सोडवायला म्हणून कमिटी तयार झाली. दसरा झाल्यावर सुरुवात करा म्हणाले, पण प्रयोग म्हणून, काही तक्रार आली तर बंद. मी हो म्हटलं. लालबागच्या, परळच्या, शिवडीच्या बायका आल्या. साठीच्या, सत्तरीच्या जवळच्या, गुडघे धरलेल्या, जन्मात कधी कमरेच्या वर पाण्यात न गेलेल्या. लालबागच्या ताई शिवणकाम करतात, त्यांनी सगळ्यांना अंगभर पोहण्याचे कपडे शिवून दिले. पहिल्या दिवशी सगळ्या काठावर एकमेकींचे हात धरून उभ्या. शिवडी कोळीवाड्याची मावशी त्यांच्यात सगळ्यात पुढे, पण पाय काही टाकीना. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तर दर्याच्या!" तर म्हणाली, "दर्यात आमची मानसं जातान. आमी बायका काठाव म्हावरा घ्याला उभ्या." मग तीच नाक दाबून पायरी उतरली आणि अशी किंचाळली की क्लबाचा वॉचमन धावत आला. किंचाळी आनंदाची होती हे त्याला समजावून सांगावं लागलं.

आणि चार-सहा दिवसांत पाण्यातला क्लोरीन खाली यायला लागला. मी रोज पाणी कुपीत घेऊन त्यात थेंब टाकते. क्लोरीन पुरेसा असेल तर पाणी छान गुलाबी होतं. ते फिकं होत होत चाललं, आणि एका सकाळी तर गुलाबीचा नुसता भास उरला. असं पाणी लोकांना पोहायला द्यायचं नाही, हा नियम आहे आणि तो मीच लिहून लावलाय. मी तलाव त्या दिवसापुरता बंद केला, हाताने क्लोरीन घातला, दुसऱ्या दिवशी उघडला. पुन्हा दोन दिवसांत तेच. आमचे सेक्रेटरी माणूस वाईट नाहीत, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लगेच सापडतं. ते पंपाच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, सिंपल आहे. तुमच्या बायका डोक्याला तेल चोपडून येतात. बॅच चालू झाली नि प्रॉब्लेम चालू झाला. शनिवारी कमिटी बसतेय, मला हे सांगावंच लागेल." तेलाने क्लोरीन खर्च होतो हे खरंच आहे, आणि माझ्या बायका पाण्यात उतरण्याआधी शॉवर घेत असल्या तरी वर्षानुवर्षांचं खोबरेल एका शॉवरने थोडंच जातं? पण माझा जळफळाट झाला. क्लबाचे मेंबर तोंडाला मलमं फासून पोहतात ते दिसत नाही, आणि आमचं तेल तेवढं दिसतं.

बायकांना मी जमेल तितक्या गोडीत सांगितलं की तेल नको. वाईट वाटलं असणार, पण कुणी दाखवलं नाही. लालबागच्या ताई फक्त म्हणाल्या, "बघाच तुम्ही." दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या त्या केस असे कोरडे आणि भुरभुरीत घेऊन की मावशीला मी ओळखलंच नाही. उतरल्या. हात-पाय मारायला लागल्या. आणि थोड्या वेळात तलावाच्या कोपऱ्यात, पाणी जिथून आत येतं तिथे, फेस! आधी बोटभर, मग वीतभर, पांढरा, हलका, वाऱ्यावर सरकत चाललेला. ताईंनी अख्ख्या बॅचला रिठे उकळून दिले होते, आई. रिठे आणि शिकेकाई. सगळ्यांनी रगडून रगडून न्हाणं केलं होतं आणि ते केसांतून पुरतं निघायच्या आत वेळ चुकू नये म्हणून तशाच धावत आल्या होत्या. मावशीने ओंजळभर फेस उचलून शेजारणीच्या डोक्यावर ठेवला, तिने परत केला, आणि मग जो दंगा सुरू झाला तो काय सांगू. मी काठावर उभी राहून "अहो, अहो" करत होते आणि हसू आवरत नव्हतं. नेमके तेव्हाच सेक्रेटरी आले. त्यांनी फेसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून परत गेले. तेव्हा मात्र माझं हसू पळालं. शनिवारी ही बॅच जाणार, हे मला त्यांच्या पाठीवर लिहिलेलं दिसलं.

आता मशीनचं म्हणणं ऐक. सेलच्या डब्यावर एक छोटा पडदा असतो, त्यावर रोज दिसत होतं की पाण्यात मीठ कमी आहे. आमचे पंप बघणारे भाऊ, लालबागचेच, मनाने अगदी सरळ, ते पडद्यावर बघून मिठाची पोती ओतत होते. ओतलं की पडदा पुन्हा म्हणे, मीठ कमी. त्यांनी आणखी एक पोतं फोडायला घेतलं, तेव्हा मला एकदम तू दिसलीस. खाणावळीत, स्टोव्हसमोर, पदर खोचलेली.

तो विणकर आठवतो ना, सावंतवाडीकडचा, नेहमी पंगतीच्या टोकाला बसायचा? संपाच्याच दिवसांतली गोष्ट. रात्रीच्या पंगतीत तो आमटीचा भुरका मारतो आणि वाटी खाली ठेवतो. "वहिनी, मीठच नाय." तू मीठ देतेस. तो घालतो, पुन्हा भुरका, पुन्हा म्हणतो, नाय. तिसऱ्यांदा त्याने मिठाला हात घातल्यावर तू येतेस, त्याच्या वाटीतली आमटी तळहातावर घेऊन चाखतेस आणि तोंड वेंगाडतेस. पंगत थांबून बघतेय. मग तू दुसऱ्या हाताने त्याच्या कपाळाला शिवतेस. "अरे मेल्या, मीठ बरोबर असा. जिभेक चव नाय तुझ्या. तुका ताप इलो असा!" सगळी पंगत हसली, तोही हसला, आणि तू त्याला तिथून उठवून आपल्या खाटेवर झोपवलंस. दोन दिवस तो पेज खाऊन बरा झाला. तोवर बाबा नि मी जमिनीवर. आमच्या घरात मेंबराला ताप आला की खाट त्याची, हे ठरलेलंच होतं. संपातही तुझी खाणावळ बंद पडली नाही. गावी गेलेल्या मेंबरांनी तांदूळ आणि कुळीथ पाठवले, कुणी आमसुलं, आणि घरी बसलेले बाबा तुझ्या हाताखाली कांदे चिरायला बसले. कांदा चिरता चिरता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या नि ते सगळ्यांना बजावून सांगायचे, मी संपाने रडत नाहीये, लिहून घ्या. त्या दिवसांत आपल्या घरात हसणं कमी झालं नव्हतं, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

तर मी भाऊंना म्हटलं, थांबा, आधी चाखू. खरंच चाखलं मी, तुझ्यासारखं तळहातावर घेऊन, आणि थुंकून टाकलं. मग रीतसर तपासलंही. मीठ भरपूर होतं, उलट भाऊंच्या पोत्यांनी हवं त्यापेक्षा वर गेलं होतं. म्हणजे पाण्याची चूक नव्हती, चाखणाऱ्याची होती. ज्या पट्ट्या क्लोरीन तयार करतात, त्यांच्यातून वीज किती वाहते यावरूनच मशीन मिठाचा अंदाज घेतं. पट्ट्याच आजारी असल्या तर मशीनला मीठ कमीच वाटणार. पण हा झाला माझा तर्क. सेल काढून कमिटीला दाखवला असता तरी सेक्रेटरी म्हणाले असते की तेलानेच तो बिघडला. आधी तेलाचा आरोप पुसायला हवा होता.

त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. शुक्रवारी मी बॅच नेहमीसारखी घेतली. हाताने क्लोरीन घालून पाणी छान गुलाबी करून ठेवलं, मशीन बंद केलं, आणि सगळ्यांचं पोहणं आटपून ऊन गेल्यावर सेक्रेटरींना बोलावून त्यांच्यासमोर थेंब टाकले. रंग त्यांना दाखवला. शनिवारी सकाळी सूर्य वर यायच्या आत पुन्हा या म्हटलं. ते आले बिचारे, मफलर गुंडाळून, चहाही न घेता. मी त्यांना सांगितलं की क्लोरीन दोन गोष्टी खातात, एक ऊन आणि दुसरी घाण. ऊन रात्री झोपतं, पण पाण्यात तेल असेल तर ते रात्रभर जागं राहून खात बसतं. आता बघा. थेंब टाकले. कुपी त्यांच्याच हातात होती. पाणी कालच्याइतकंच गुलाबी झालं, अगदी गणपतीच्या गुलालासारखं. त्यांनी कुपी उजेडाकडे धरून फिरवून फिरवून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे बायकांनी काहीच खाल्लं नाही?" मी म्हटलं, "नाही. आणि चहाचंही विचारलं नाही कुणी त्यांना." ते ओशाळले आणि मला वाटतं थोडे खूशही झाले, कारण आता त्यांच्यापाशी कमिटीला सांगायला नवीन कारण होतं.

मग आम्ही सेल उघडला. भाऊंनीच उघडला, मोठ्या अभिमानाने. नळकांड्यावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि झेंडूचा सुकलेला हार. आणि आतल्या पट्ट्या लखलखत होत्या. नव्या पट्ट्या अशा लखलखत नाहीत, आई, त्या काळपट असतात. भाऊ म्हणाले, "दसऱ्याला पूजा केली ना मॅडम, सगळ्या पंपांची. आमचे वडील विणकर, साच्यावर होते, दसऱ्याला गिरणीत साचा असा पुसायचे की तोंड दिसायचं. ह्याच्यावर पांढरा थर धरला होता. तारेच्या ब्रशने बसलो, दुपारभर. कसला चमकवलाय बघा!" दसऱ्याला! आणि बॅच सुरू झाली दसऱ्यानंतर. त्या पट्ट्यांवर एका महागड्या धातूचा पातळ मुलामा असतो, क्लोरीन तयार होतो तो त्या मुलाम्यावर. पांढरा थर धरला तर पट्ट्या पातळ आम्लात भिजत ठेवायच्या, थर आपोआप सुटतो. भाऊंनी भक्तिभावाने तो मुलामाच खरवडून काढला होता. मी तोंड उघडलं ते त्यांना झाडायलाच, पण तोंडातून निघालं, "अहो, घासलात कित्याक? भिजत घालूचा होता!"

आवाज तुझा होता. भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. तेही मूळचे मालवणातले, पण मॅडम मालवणी बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी उभी होते पंपाच्या खोलीत, पण दिसत होती आपल्या चाळीची मोरी. मी परकरात आहे, समोर खाणावळीचं मोठं पितळी पातेलं, कालच कल्हईवाल्याने पटांगणात भाता लावून, नवसागराचा धूर काढून आतून चांदीसारखं करून दिलेलं. तळाला भात लागलाय. मला तुला खूश करायचंय, म्हणून मी वाळू आणि काथ्या घेऊन जिवाच्या आकांताने घासतेय, घासतेय, तळाला पिवळं पितळ चमकायला लागलंय आणि मला वाटतंय वा, काय सुंदर. तू येतेस. "अगो चेडवा, घासलंस कित्याक? भिजत घालूचा होता! चकचकीत झाला म्हणजे साफ झाला काय गो? कल्हय गेली, आता आमटी कळकतली." मी भोकाड पसरते. तू क्षणभर कमरेवर हात ठेवून बघतेस, मग माझे वाळूचे हात आपल्या पदराने पुसतेस आणि मला नि पातेल्याला घेऊन कल्हईवाल्याला गाठायला निघतेस. तो पलीकडच्या चाळीत बसलेला. तू त्याला सांगतेस, भाता हीच चालवेल. मी भाता दाबते, निखारे फुलतात, कथील वितळून पाऱ्यासारखं पळायला लागतं, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मजा मला माझ्याच चुकीपायी मिळते. रागावणं म्हणजे काय हे मी त्या दिवशी शिकले, आणि तेव्हापासून हाताखालच्या माणसांवर मी तसंच रागावते. भाऊंना मी म्हटलं, नवीन सेल येईल तेव्हा तो तुम्हीच बसवायचा, आणि पुढच्या दसऱ्याला आपण दोघं मिळून भिजत घालू. हार मात्र घाला. ते डोळे पुसत हसले. दुपारच्या कमिटीत सेक्रेटरींनी माझ्या आधीच सगळं सांगून टाकलं, जणू शोध त्यांनीच लावला होता. मी लावू दिला. बॅच राहिली. "प्रयोग म्हणून" हे शब्दही काढून टाकले.

नवीन सेल आल्यावर भाऊंनी बटण दाबलं आणि नळकांड्यात दुधासारखे बारीक बुडबुडे उठले. दुसऱ्या दिवशी मशीन म्हणालं, मीठ बरोबर. बायकांनी पेढे आणले, लालबागच्या ताईंनी सेक्रेटरींना रिठ्याची पुडी भेट दिली आणि त्यांनी ती घेतलीसुद्धा. पण त्या गडबडीत मावशी पाण्यातून डोकं वर काढून मला म्हणाली, "बाय, तू कवा येशील पान्यान? आमाला शिकवतंस नि तू काठाव?" शिकवायला वेगळी बाई आहे, मी फक्त पाणी बघते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "ता मना नको सांगू."

आई, संपाच्या उन्हाळ्यात बरेच मेंबर गावी होते, म्हणून चार दिवस खाणावळीला कुलूप लावून आपणही गावी गेलो होतो. खाडीच्या धक्क्यावर तू लुगड्याचा काचा मारलास, इकडेतिकडे बघितलंस आणि अंग झोकून दिलंस. मला माहीतच नव्हतं तुला पोहता येतं. लालबागच्या त्या दोन खोल्यांत तू पाण्याच्या पिंपाशी जेवढी वाकायचीस तेवढंच तुझं आणि पाण्याचं नातं मी पाहिलं होतं. तू खाडीच्या मध्यावर उताणी पडलीस, हात पसरून, तोंड आभाळाकडे, आणि मोठमोठ्याने हसत होतीस. कुणासाठी नाही, आपली आपणच. तुला मी इतकी सुंदर कधीच पाहिली नव्हती. मग धक्क्याशी आलीस, हात पुढे केलास. "ये गो. खारा पाणी माणसाक धरता. घाबरा नको." मी पायरीवरून हलले नाही. "बरा, उद्या शिकवतंय तुका," म्हणालीस. संध्याकाळी मुंबईहून निरोप आला, मेंबर परत येताहेत, खाणावळ उघडा. सकाळच्या गाडीने आपण निघालो. मुंबईत चहूबाजूंनी समुद्र, पण तुला पुन्हा पाण्यात उतरलेली मी पाहिली नाही, आणि तो उद्या राहून गेला.

काल मी उतरले. ताईंनी माझ्या मापाचे कपडे न सांगता शिवून ठेवले होते. पायऱ्या उतरले, दांडा घट्ट धरून उभी राहिले. मला पक्कं माहीत होतं की आपलं पाणी खाडीइतकं खारट नाही, माणसाला धरण्याइतकं मीठ त्यात नाही, मीच तपासते ना रोज. मावशीने पाठीखाली हात घातला. मी मान मागे टाकली, कान पाण्यात गेले, सगळे आवाज बंद झाले, आणि दांडा सोडला. वर आभाळ होतं. थोड्या वेळाने कळलं की मावशीचा हात केव्हाच निघून गेलाय, ती लांब उभी राहून टाळ्या वाजवतेय. मग मला हसू फुटलं, तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, आणि जेमतेम खारट अशी ती चव तोंडात घेऊन मी पुन्हा मान मागे टाकली.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, एप्रनच्या खिशात राहील, तिथे जागा आहे. एकच सांगायचं राहिलं. ओली होऊन वर आले तर सेक्रेटरी समोर. म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही पाण्यात?" मी म्हटलं, "तपासणी." त्यांना ते पटलं. तुला सांगते, तपासणी वगैरे काही नव्हती गं. मी पोहायला उतरले होते.